शिळा उजेड

पातेल्यावरचं झाकण थडथडलं, तशी ती दचकली. इतका वेळ घर चिडीचूप होतं. चहाचं पाणी आटून निम्म्यावर आलं होतं, आणि ती टेबलाशी बसून हातातल्या कागदाशी पुटपुटत होती.

"मुलांनो, तारा म्हणजे..." छे! पुन्हा पहिल्यापासून.

तारांगणात नोकरीला लागून तिला सहा वर्षं झाली होती. शेकडो शाळा येऊन गेल्या. गोल छताखालच्या अंधारात ती घडाघडा बोलायची. कुणी रडलं, कुणी ओकलं, तरी तिचं वाक्य तुटायचं नाही. आज मात्र जायचं होतं लेकीच्या वर्गात. तिसरी ब. तिथे अंधार नव्हता, घुमट नव्हता. लपायला जागाच नव्हती.

फोन वाजला. थोरली बहीण. ती त्याच शाळेत चित्रकला शिकवायची. आजचा तासही तिनंच मिळवून दिला होता.

"उठलीस? की झोपलीच नाहीस?"

"झोपले गं थोडी."

"आवाजावरून कळतंय किती ते. हे बघ, ठरलंय ना आपलं? बोलायचं, दाखवायचं, निघायचं. तिच्या बाकाशी घुटमळायचं नाही, ओळख दाखवायची नाही. वर्गात सगळी पोरं सारखी."

"माहितेय."

"आणि डोळ्यांत पाणी आणू नकोस. पोर कानकोंडी होईल."

"ताई, ती काही विचारेल का गं मला?"

"माझ्या तासाला तर मिठाची गुळणी धरून बसते. आशा धरू नकोस."

आशा तर धरून झाली होती. बाकी कुणी काही नाही विचारलं तरी चाललं असतं. लेकीनं आपणहून, तिच्याकडे बघून, एक प्रश्न विचारावा, बस्स. तेवढ्यासाठी तिनं महिनाभर जिवाचं रान केलं होतं.

वर्गात खडूचा आणि उघड्या डब्यांचा वास होता. वर्गाच्या बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन कोपऱ्यात तपासत बसल्या. त्यांनी तिला ओळखायचा प्रश्नच नव्हता; पालकसभेला ती कधी आलीच नव्हती.

लेक शेवटच्या बाकावर होती. कपाळावर तोच हट्टी भोवरा, कितीही पाणी लावा, न बसणारा. लेकीनं एकदा वर पाहिलं आणि ती पुन्हा खोडरबरावर पेनानं काहीतरी कोरू लागली. हसू नाही, की काही नाही. ठरलं होतं तसंच.

"मॅडम, ताऱ्याला पाच टोकं असतात ना?"

"एकही नाही. चेंडूसारखा गोल असतो."

"मग आम्ही बालवाडीपासून चुकीचे काढतोय?"

"चित्रकलेच्या बाईंना विचारा," ती म्हणाली, आणि मनातल्या मनात तिनं बहिणीची माफी मागितली.

"मॅडम, चंद्रावर शी लागली तर?"

वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनीही वहीआड तोंड लपवलं. शेवटच्या बाकावरची मान मात्र खालीच.

मग तिनं पहिल्या बाकावरच्या, पुढचे दोन दात पडलेल्या मुलाला एका चिठ्ठीवर लिहायला लावलं : मला भूक लागली आहे.

"ही चिठ्ठी म्हणजे ताऱ्याचा उजेड. एक बाक म्हणजे एक वर्ष. फेकायची नाही, पळवायची नाही. हातोहात मागे जाऊ दे."

चिठ्ठी निघाली, तसा तिनं त्या मुलाच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला. चिठ्ठी शेवटच्या बाकाशी पोचेपर्यंत गड्यानं चार बिस्किटं फस्त केली होती.

"वाच बघू," ती लेकीला म्हणाली.

लेक उठली. "मला भूक लागली आहे."

"खोटं!" वर्ग ओरडला. "तो तर खातोय!"

"खोटं नाही, शिळं," ती म्हणाली. "तारे असेच. आपल्याला दिसतं ते आत्ताचं नसतं. केव्हाचं तरी निघालेलं असतं आणि आपल्यापर्यंत आत्ता पोचतं."

बोलत ती होती, पण कानात तो जरासा घोगरा आवाज घुमत होता. कागदावरची अक्षरं पुसट झाली. पुढचं वाक्य साधंच होतं. व्याध नावाच्या ताऱ्याचा उजेड इथे यायला आठ वर्षं सात महिने लागतात, म्हणजे तो उजेड साधारण तुमच्याच वयाचा. मुलं हसली असती, तास संपला असता.

"आज अंधार पडला की व्याध दिसेल," शेवटच्या बाकावरून नजर न काढता ती म्हणाली. "सगळ्यांत ठळक तारा. आज दिसणारा त्याचा उजेड तिथून निघाला, तेव्हा तू जन्मत होतीस. एकोणतीस ऑगस्ट, पहाटे पावणेपाच. दवाखान्याच्या खिडकीतून तोच तारा दिसत होता..."

बाईंचं लाल पेन थांबलं. आता जीभ चावून काय उपयोग? बहिणीला दिलेला शब्द मोडला होता.

"अय्या, हो! हिचा वाढदिवस एकोणतीसलाच असतो," शेजारची मुलगी म्हणाली.

सगळ्या माना मागे वळल्या. लेक लाजून लाल होईल, बाकाखाली तोंड लपवेल, असं तिला वाटलं. पण लेकीनं हात वर केला. शाईनं बरबटलेला, कोपरात जरा वाकलेला हात.

"विचार ना, बाळा."

लेक उभी राहिली, थेट तिच्याकडे बघत.

"मॅडम, मी किती वाजता जन्मले, ते आमच्या आईलाही माहीत नाही. तिनं मला घरी आणलं, तेव्हा मी चार दिवसांची होते. तुम्हाला कसं माहीत?"