निखाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात?

जंगलातल्या कॅम्पवर बाबा राखणदार. शेकोटीचे नियम पाहुण्यांना इंग्रजीत सांगता आले तरच नोकरी टिकेल, असं साहेबांनी बजावलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी सातला मी शहरातून फोन करून त्यांच्याकडून शब्द पाठ करून घ्यायचे. बादली, वाळू, वारा, ठिणगी, सगळं यायचं. निखारा आला की गाडी अडायची.

"एंबर, बाबा! सहा महिने झाले!"

"पालथ्या घड्यावर पाणी गं. उद्या परत विचार."

उद्या परत तेच. मी वैतागायचे. कामात असले तर चिडून फोन ठेवायचे.

या रविवारी न कळवता गेले. कालच्या शेकोटीपाशी पाच-सहा पाहुण्यांना उभं करून बाबा न अडखळता इंग्रजीत सांगत होते, "वरून विझलेली दिसते, पण राखेखाली एंबर रात्रभर जिवंत असतात. पाणी ओता, ढवळा, हाताची मागची बाजू जवळ धरून बघा. गार लागल्याशिवाय तिला एकटं सोडू नका."

बाबा मागे वळले, तर समोर मी.

"अगं... तू कधी आलीस?" हातातली काठी त्यांनी उगाच राखेत फिरवली.

"आत्ताच. बाबा, निखाऱ्याला काय म्हणतात?"

ते राखेकडे बघत म्हणाले, "तेवढाच शब्द नेमका विसरतो बघ."

"मग विसरा खुशाल," मी म्हटलं. "उद्या सातला फोन करते मी."