घरातल्या घरात

बमरोलीच्या मिलमध्ये फिटर असलेल्या योगराजनं फोटो साठवायला जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर करून टीव्हीला जोडून खाली ठेवला होता. बायकोच्या, नूतनच्या फोनची बॅटरी फुगली होती आणि मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यातच होते. पण ते सर्व्हरवर मुंगीच्या पावलांनी उतरत होते.

रविवारी दुपारी त्याला कारण सापडलं. फोन आणि सर्व्हर एकाच खोलीत, तरी फोटो बाहेर इंटरनेटवरून फिरून येत होते. त्यानं फोनच्या अ‍ॅपमध्ये सर्व्हरचा घरातल्या वायफायवरचा पत्ता टाकला.

मग काय, फोटो धो धो यायला लागले. हळद, वरात, पाठवणी, सगळं टीव्हीवर!

"देख नूतन, देख! आता एक नवा काढ. काढल्याबरोबर दिसेल."

नूतननं हसत फोन समोर धरला. टीव्हीवर लगेच दोघांचा फोटो आला.

"आलासुद्धा!" योगराजनं टाळी वाजवली.

"अहो, मी अजून बटण दाबलंच नाही."

तिनं घाबरून फोन पलंगावर पालथा ठेवला. तरी आणखी एक फोटो आला. त्यात ती दोघं उघड्या दारापाशी उभी होती, आनंदानं हात पसरून. दारात मात्र कुणीच नव्हतं.

योगराजनं वळून पाहिलं. दार बंद होतं, आतून कडी होती.

तेवढ्यात दार वाजलं.

"आलेत, आलेत!" मघाशी घाबरलेली नूतन हरखून ओरडली आणि कडी काढायला धावली.

"अगं, कोण आलं?" योगराजनं विचारलं. पण त्याचे हात आपोआप, फोटोतल्यासारखेच पसरत होते.