टोमॅटोला आधार

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिन्यानं शरयूताई काठी टेकत गच्चीवर आल्या, तर टोमॅटोचं रोप आडवं! खुर्चीत बसून त्यांनी बागवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि बोलणी खायची तयारी ठेवली.

उत्तर आलं, “धीर धरा, ताई. आमचंही अस्संच झालं होतं. आधार घ्या, उभ्या राहाल!”

फोटो चुकून गुडघेवाल्यांच्या ग्रुपवर गेला होता. तिथं काहीही दिसलं तरी आधी धीर देतात.

हसत हसत त्यांनी काठी शेजारच्या कुंडीत खोचली, रुमालानं रोप तिला बांधलं आणि नवा फोटो बागवाल्यांना पाठवला.

“रुमालानं कुणी बांधतं का? सुतळी आणा!”

“मेले कधी गोड म्हणून बोलायचे नाहीत!” शरयूताई तणतणत उठल्या आणि थेट जिन्यापर्यंत गेल्या. पायरीवर काठी टेकायला हात पुढे केला, तर हात रिकामा. काठी तिकडे टोमॅटोला धरून उभी होती.