निबंध मागे घेतला

संशोधनपत्रिकांच्या संघाची तक्रार समिती म्हणजे पदरमोडीचं काम. त्यामुळे तक्रारदार बिल्डरनेच मळवलीच्या डोंगरउतारावरचा आपला बंगला बैठकीला दिला, तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. तक्रार एका शोधनिबंधाविरुद्ध होती. हा डोंगर हळूहळू सरकतोय, इथल्या बंगल्यांची दारं अडकू लागलीत, असं त्यात लिहिलं होतं.

अध्यक्ष वैशंपायन सर हसले. "अहो, पावसाळ्यात लाकूड फुगतंच! हा काय पुरावा झाला?"

समितीतल्या कमरजहाँला ते पटलं नव्हतं. पण तिला अंधार पडायच्या आत तळेगाव गाठायचं होतं. तिनं सही केली. निबंध मागे घ्यायचं एकमतानं ठरलं.

इतक्यात बंगला सांभाळणाऱ्या गेणूभाऊंनी बाहेरून हाक दिली. "मॅडम, च्या आणलाय. आतनं कडी काढा की!"

"कडी लावलीच नाहीये, भाऊ. ढकला."

त्यांनी बाहेरून खांदा लावला, आतून सरांनी आणि कमरजहाँनं ओढलं. सकाळी सहज उघडलेलं दार तसूभरही हललं नाही.

"फुगलं असेल पावसानं," सर पुटपुटले.

कमरजहाँच्या तळहाताला गार लागलं. दार लोखंडी होतं.