अकरा झोळ्या

"सोडा त्या झोळ्या! आत्ताच्या आत्ता!" डिपुटीसाहेब ओरडले.

ओरडतील नाहीतर काय! जव्हार संस्थानाच्या शाळाखात्यातले हे गोवर्धनराव पोशेऱ्याजवळच्या पाड्यावर शाळा तपासायला आले, घोड्यावरून उतरले, पागोटं सावरत ऐटीत आत शिरले, आणि डोकं थेट एका झोळीवर आपटलं. झोळीतलं पोर खिदळलं. वर बघतात तो आडव्या वाशाला जुन्या लुगड्यांच्या अकरा झोळ्या टांगलेल्या. प्रत्येक झोळीची दोरी खाली बसलेल्या एकेका पोरीच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. पोरी पाटीवर लिहीत होत्या आणि पायानं झोका देत होत्या.

"लक्ष्मण मास्तर, ही शाळा आहे की बाळंतिणीची खोली?"

मास्तरांनी मान खाली घातली. पगार दरबारचा, तोंड उघडून कसं चालेल?

साहेबांनी पिशवीतून मोठा कागद काढून टेबलावर पसरला. तीन वर्षं खपून त्यांनी आराखडा केला होता. जन्मापासून एकविसाव्या वर्षापर्यंत माणूस कसा घडवायचा, ते सगळं चौकटीचौकटीत. येत्या सोमवारी दरबारात वाचायचा होता. खोटं कशाला बोला, आराखडा चांगला होता. सहाव्या वर्षी अक्षरं, दहाव्या वर्षी झाडापाखरांची ओळख, बाराव्या वर्षी हातकाम, आणि मुलींना सगळं मुलांच्या बरोबरीनं. त्या काळात असं लिहायला छाती लागते. फक्त पहिली चौकट बघा. "जन्म ते पाच वर्षे: आईजवळ." झालं. एवढं लिहून साहेब पुढं सरकले होते.

त्याच चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं. "पाच वर्षांपर्यंत मूल आईजवळ. शाळेत त्याचं काम नाही. तान्ही पोरं बाहेर काढा, नाहीतर शाळा बंद."

"आईजवळ म्हंजे कुठं?"

दारात रखमी उभी होती. पहिल्या ओळीतल्या फागीची आई. साहेब आल्याचं कळलं तशी भाताची कापणी टाकून आली होती, हातात विळा, केसांत काड्या. पाड्याच्या बोलीत देवालाही तूच म्हणतात, तिथं साहेबाची काय कथा.

"मी दिसभर शेतात वाकलेली. सासू मेली. या बारक्याला फागी नाय बघणार तर कोन बघंल, तू? पोरीला शाळंत धाड म्हनतोस, आन तिच्या कडंवरचं पोर कुठं ठेवायचं ते तुज्या कागदात लिवलंच नाय. मंग आमी अकरा बायांनी झोळ्या बांधल्या. कुनाचं काय बिघडलं?"

"बाई, तुला यातलं काही कळत नाही. हा कागद..."

"कागद तुजा, पोर माजी. ती शिकणार."

साहेबांनी बरोबर आणलेल्या शिपायाला खूण केली. शिपायानं पहिल्या गाठीला हात घातला.

"हात लावू नको," रखमी म्हणाली. "आमच्या गाठी आमी सोडू. पोरींनो, उठा."

पोरी उठल्या. गाठी सुटल्या, पोरं कडेवर गेली, अकराजणी एकामागून एक बाहेर पडल्या. फागी सगळ्यात शेवटी निघाली. तिचा पाढा अर्धाच लिहून झाला होता. तिनं पाटी जमिनीवर ठेवली, मनगटानं डोळे पुसले आणि बारक्याला घेऊन गेली. शाळेत चार पोरगे उरले.

साहेबांना आता बरं वाटलं. "हं, मास्तर. चालू द्या."

मास्तरांनी घसा खाकरला. "ढवळू, सात सक?"

ढवळू उभा राहिला. मास्तरांकडे बघितलं, साहेबांच्या बुटांकडे बघितलं, आणि डोकं खाजवत राहिला.

"बेचाळीस!"

आवाज कुडातून आला. शाळेची भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा तो कूड. पावसाळ्यात त्याचं लिंपण धुऊन गेलं होतं, आणि कापणी उरकेपर्यंत शेणमातीत हात घालायला पाड्यावर कुणाला सवड नव्हती. काठीकाठीत फट होती. प्रत्येक फटीला एक डोळा लागला होता, आणि त्याच्या खालच्या फटीतून तान्ह्या पोरांची इवली बोटं आत वळवळत होती.

मास्तरांनी एकदा साहेबांकडे बघितलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी साहेबांकडे सरळ पाठ फिरवली, कुडाकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "सात सत्ते?"

"एकोणपन्नास!" अकरा गळे एकदम ओरडले.

"सात अठ्ठे?"

"छप्पन्न!"

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. टेबलावरचा आराखडा त्यांनी मुठीत धरला आणि तरातरा बाहेर आले. "हा कूड आजच्या आज लिंपून घ्या! एक फट राहता कामा नये!"

रखमीनं विळा कमरेला खोचला. साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खदखदून हसली.

"लिंपू की. पन साहेब, शेन-माती कालवणार कोन? आमीच अकरा बाया ना?"

साहेब काही बोलायच्या आत कुडाजवळून फागी ओरडली, "सात नव्वे त्रेसष्ट!"

तिला कुणी विचारलंही नव्हतं.