पुलाची चोविसावी मोजणी

नव्या पुलाला सहा खांब होते आणि प्रत्येक खांबावर चार खुणा, म्हणजे एकूण चोवीस मोजण्या. शहराच्या विक्रीकरातून घेतलेल्या सिमेंटमध्ये कारखान्यातच खूणकण मिसळले जात. यंत्र खांबाला टेकवलं की किलोमागे किती कण आहेत ते दिसे. ते चाळीसच्या आसपास हवेत; फार कमी भरले तर सिमेंट चोरलं असं धरत. आकडा मोठ्याने वाचून शेवटी सही करायचं काम चिठ्ठी निघालेल्या नागरिकाचं असे. नातं सांगून त्यातून सुटका नव्हती. या वेळी चिठ्ठी लोणचीवाल्या सुमित्रा तोडकरांची निघाली होती आणि पुलाचा कंत्राटदार होता त्यांचा धाकटा भाऊ धनाजी.

"चाळीस," सुमित्राबाईंनी शेवटचा आकडा वाचला.

"झालं की आक्का! चोवीसच्या चोवीस चाळीस. कर सही. सोमवारपासून पोरं इथनंच शाळेला जातील."

सुमित्राबाईंनी पेन उघडलं नाही.

"धना, माझ्या बरणीत मोहरी कधी सगळीकडं सारखी पडत नाही. तुझ्या खांबात कशी पडली? वरून कणांचा रंग मारलास का?"

धनाजीचं हसू गेलं. "घरी बोलू की."

"नियमाप्रमाणे एक भोक पाडता येतं ना?" त्यांनी शेजारी उभ्या तपासणी समितीच्या इंजिनिअरला विचारलं. "तिसऱ्या खांबाला पाडा. वीतभर आत."

"आक्का, लायसन जाईल माझं."

ड्रिल थांबलं. इंजिनिअरने यंत्राची नळी भोकात सरकवली. सुमित्राबाईंनी चष्मा पुसला आणि आकडा मोठ्याने वाचला.

"नऊ."