चरबीचं संशोधन

रेल्वे गार्ड सुखदेवरावांची लेक सुरुची डॉक्टर. ल्यूपसमध्ये शरीर स्वतःवरच उलटतं; त्यात चरबीतून सुटणाऱ्या हार्मोन्सचा किती हात, हा तिचा प्रबंध. रोगी मिळाले, तुलनेला निरोगी, वजनदार बायका मिळेनात. त्यांच्या रक्ताशिवाय प्रबंध बुडणार होता. सुखदेवराव मात्र जयपूरच्या खातीपुरा वस्तीभर छाती फुगवून सांगत सुटले, "हमारी बेटी चरबी का संशोधन करती है!" हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, हे तीस वर्षं तिथं काढूनही त्यांना ठाऊक नव्हतं. रविवारी दारात वीस बायका दुरुस्तीला हजर! "बाबा, काय केलंत!" सुरुचीनं हात जोडले: वजन घटणार नाही, अभ्यासाला रक्त हवंय. त्यांतल्या शेखावतबाईंनी बाही वर सारली. "उम्रभर 'मोटी' सुना, आज मोटापा काम आया! पहले मेरा, सबसे भारी मैं!" मागून गर्जना, "तुम? भारी तो मैं हूँ!"